डॅशबोर्डमागची घरघर

तुमची गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल, तर हा आवाज तुमच्या ओळखीचा असणार. पंखा एकवर असतो तोवर काही नाही. दोनवर टाकला की डाव्या बाजूने, ग्लव्ह बॉक्सच्या मागून, कुणीतरी पत्ते पिसतंय असं ऐकू येतं. तीनवर घरघर. चारवर तर शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. मग आपण काय करतो? गाणी मोठ्याने लावतो, नाहीतर पंखाच बंद करतो आणि म्हणतो, "पुढच्या सर्व्हिसिंगला सांगू."

एरवी आपण इथे बीपी, शुगर, थायरॉइड यांविषयी बोलतो. आज गाडीच्या पंख्याविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात राहणारे माझे कितीतरी पेशंट दिवसाचे दोन-तीन तास बंद गाडीत काढतात. स्कूल व्हॅन किंवा टॅक्सी चालवणारे तर दहा-बारा तास. या सगळ्या वेळात ते जी हवा घेतात, ती त्या घरघरणाऱ्या पंख्यातून आलेली असते. त्यामुळे हा आवाज फक्त मेकॅनिकचा विषय राहत नाही.

आधी तिथे आहे काय ते समजून घेऊ. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी एक जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते. ती ओढून घेणारा पंखा म्हणजे ब्लोअर. तो घरातल्या पंख्यासारखा पात्यांचा नसतो. खारीच्या पिंजऱ्यासारखा गोल, उभ्या पट्ट्यांचा प्लास्टिकचा पिंजरा असतो आणि एक छोटी बारा व्होल्टची मोटर त्याला फिरवते. पुढे हवा कूलिंग कॉइलवरून जाते. एसी चालू असला की ही कॉइल थंड आणि ओली असते. हवेतली वाफ तिच्यावर धरते आणि ते पाणी एका नळीतून गाडीखाली ठिबकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली दिसतं ते हेच पाणी. तिथून हवा तुमच्या तोंडावर येते.

आता आपलं नाक आठवा. नाकात केस असतात, चिकट ओलसर अस्तर असतं. धूळ तिथेच अडते, हवा कोमट होते, मगच छातीत जाते. गाडीत केसांचं काम करतो केबिन फिल्टर. मेकॅनिक त्याला एसी फिल्टर म्हणतात. अडचण अशी की जुन्या छोट्या गाड्यांपैकी अनेकांत हा फिल्टर नसतोच. काहींत त्याची खाच असते, वर प्लास्टिकचं झाकण असतं आणि आत काही नसतं. अशा गाडीत बाहेरची पानं, धूळ, किडे थेट पंख्यात आणि पंख्यातून ओल्या कॉइलवर जातात. ओल, अंधार आणि कुजलेला पालापाचोळा. बुरशीला आणखी काय लागतं?

माझी गाडी सोळा वर्षांची आहे. छोटी, पेट्रोलवरची, आणि मला ती विकायची नाही. घर बदलापूरला कात्रपमध्ये, दवाखाना उल्हासनगरात. मावशी अंबरनाथला राहते, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा आई माझ्याबरोबर निघते आणि वाटेत उतरते. आईला दमा आहे, वीस वर्षांपासून. इनहेलर नियमित, त्यामुळे तो ताब्यात असतो. गेल्या दिवाळीनंतर मात्र दोन गोष्टी साधारण एकाच सुमाराला सुरू झाल्या. ब्लोअर वाजू लागला आणि फॉरेस्ट नाका येईपर्यंत आईला खोकल्याची उबळ येऊ लागली. ती तिच्या समोरची हवेची खिडकी तळहाताने झाकून बसायची. "अरे, हा वारा नको मला. कोंदट लागतो," म्हणायची.

दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, हे मी तुम्हाला दर आठवड्याला सांगतो. दिवाळीनंतर थंडी पडते, फटाक्यांचा आणि शेकोट्यांचा धूर हवेत असतो, दम्याच्या पेशंटना तसंही जड जातं. म्हणून आईला पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावलं. ही एक साधी प्लास्टिकची नळी असते. जोरात फुंकलं की श्वासनलिका किती मोकळ्या आहेत त्याचा आकडा मिळतो. निघताना आकडा २७० च्या आसपास यायचा, मावशीकडे उतरल्यावर २२५. तीन वेळा तसंच झालं. मग दोनदा ती त्याच वेळेला, त्याच रस्त्याने रिक्षाने गेली. रिक्षात धूळ आणि धूर नक्कीच जास्त, पण आकडा २७० वरून २६० च्या खाली गेला नाही. रस्ता तोच आणि माणूसही तेच असताना फरक फक्त गाडीचा उरला.

तुमच्याकडे पीक फ्लो मीटर नसलं तरी हे जमेल. खोकला, शिंका, डोळे चुरचुरणं गाडीत बसल्यावर किती मिनिटांत सुरू होतं, उतरल्यावर किती वेळाने थांबतं, सुट्टीच्या दिवशी येतं का, दुसऱ्याच्या गाडीत येतं का, हे दोन आठवडे वहीत लिहा. अशी वही घेऊन येणाऱ्या पेशंटचं निदान अर्धं झालेलंच असतं.

आता आवाजाकडे वळू. आवाजाचं निदानही असंच प्रश्न विचारून होतं आणि त्यासाठी काहीही उघडावं लागत नाही. गाडी सावलीत उभी करा. इंजिन सुरू न करता चावी फक्त इतकी फिरवा की डॅशबोर्डवरचे दिवे लागतील. आता पंखा एक, दोन, तीन, चार असा वाढवत न्या. दोन मिनिटं पुरे. जास्त वेळ नको, बॅटरी उतरेल. आवाज आला तर तो ब्लोअरचाच, कारण गाडीत दुसरं काही फिरतच नाहीये. नाही आला आणि गाडी पळवतानाच येत असेल, तर ब्लोअर निर्दोष आहे. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा, टायरचा, किंवा फार जुन्या गाडीत स्पीडोमीटरच्या वायरचा असू शकतो. बॉनेटखालून येणारा, एसी लावल्यावर आपोआप सुरू होणारा आणि आपोआप थांबणारा घोंगाट रेडिएटरच्या पंख्याचा असतो. तो तसा यायलाच हवा. लोक त्यालाही घाबरतात.

ब्लोअरचाच आवाज असेल तर पुढचा प्रश्न, तो कसा आहे? पंख्याच्या वेगाबरोबर जलद होणारी टिकटिक किंवा फडफड म्हणजे पिंजऱ्यात काहीतरी अडकलंय, बहुतेक पान. आपल्याकडे गुलमोहर आणि सोनमोहर यांची पानं इतकी बारीक असतात की जाळीतून सहज आत पडतात. थंड सकाळी चीं-चीं करून पाच मिनिटांत शांत होणारा आवाज मोटरच्या सुकलेल्या बुशचा. आता ग्लव्ह बॉक्सवर तळहात ठेवा. घरघरीबरोबर हाताला थरथर जाणवली तर पिंजऱ्याचा तोल गेलाय: एका बाजूला कचरा साठलाय किंवा एखादी पट्टी तुटलीय. डावीकडे-उजवीकडे वळताना आवाज बदलत असेल तर बुश झिजून दांडा हलतोय आणि पिंजरा भिंतीला घासतोय. आवाज नाही, पण पंखा फक्त चारवरच चालतो, तर रेझिस्टर गेलाय; तो स्वस्त भाग आहे, मोटर बदलू नका. बटणांचा एसी असलेल्या गाडीत सुरू करताना काही सेकंद टक-टक-टक होत असेल, तर आतलं झाकण फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते गेलेत.

माझ्या गाडीची लक्षणं अशी होती: उभ्या गाडीत आवाज, दोनपासून सुरू, हाताला थरथर, वळणावर फरक नाही. म्हणजे पिंजऱ्याचा तोल गेलेला, मोटर बहुधा ठीक.

एका गॅरेजमध्ये हे सांगायला गेलो तर तिथल्या माणसाने चावीही न फिरवता निकाल दिला: पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, मोटर नवीन, कूलिंग कॉइल नवीन, तीन दिवस गाडी ठेवा. डोकं दुखतं म्हटल्याबरोबर एमआरआय लिहून देणाऱ्याची आठवण झाली. मी आभार मानून निघालो. आमच्या धंद्यात सेकंड ओपिनियन घ्यायला मी स्वतःच सांगत असतो.

दुसरं मत मिळालं कॅम्प नंबर चारमध्ये, श्रीराम चौकापासून थोडं आत. साठीच्या पुढचे सिंधी गृहस्थ, आयुष्यभर गाड्यांचे एसी दुरुस्त करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी लक्षणं सांगायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "डॉक्टरसाब, पहले मुझे सुनने दो." त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक ग्लव्ह बॉक्सखालच्या प्लास्टिकला टेकवलं, मुठीला कान लावला आणि पोराला पंखा एकेक वाढवायला सांगितलं. मग टोक दोन बोटं सरकवून पुन्हा ऐकलं. तब्बल पाच मिनिटं ते काहीच बोलले नाहीत.

पॅरिसमधल्या नेकर रुग्णालयात १८१६ साली लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून तिचं एक टोक पेशंटच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. स्टेथोस्कोप तिथून आला. चाचांचा स्क्रू ड्रायव्हर त्याच घराण्यातला आहे. आम्हीही छातीत हेच शोधतो. शिट्टीसारखा आवाज म्हणजे नळी अरुंद झालीय, बुडबुड्यांसारखा म्हणजे आत पाणी किंवा कफ आहे, आणि तो वर आहे की खाली, श्वास घेताना की सोडताना.

"मोटर अच्छी है," चाचा म्हणाले. "जाली में कुछ बैठा है. खोलते हैं."

खोलणं अर्ध्या तासाचं निघालं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ग्लव्ह बॉक्सचे दोन्ही कान आत दाबून तो खाली लोंबता केला. त्याच्या मागे, पाय ठेवतो त्या जागेच्या वर, ब्लोअरचा गोल डबा दिसतो. वायरीचा एक सॉकेट, तीन स्क्रू, की मोटर पिंजऱ्यासकट खाली हातात येते. तुमच्या गाडीत डाव्या सीटसमोर एअरबॅग असेल तर हे घरी करू नका, माहीतगाराकडेच न्या. एअरबॅग नसेल आणि हाताला पान्याची सवय असेल तर घरी होण्यासारखं काम आहे.

स्क्रू काढायच्या आधी चाचांनी मला दोन पावलं मागे व्हायला सांगितलं आणि स्वतः मास्क लावला. खाली आला तो मूठभर काळपट पाला, सीटच्या फोमचे कुरतडलेले तुकडे, शेंगांची टरफलं, उंदराच्या लेंड्या आणि या सगळ्यात गुंतलेले निळे सुती धागे. उंदराने पिंजऱ्याच्या तोंडाशी घरटं केलं होतं आणि त्याचा अर्धा भाग पंख्याने आत ओढला होता. घरटं रिकामं होतं.

ते निळे धागे पाहून चाचा हसले. बदलापूरला आमच्या सोसायटीत असे धागे कुठे मिळणार? माझा दवाखाना कॅम्प पाचमध्ये आहे. आजूबाजूला जीन्स शिवणारे गाळे, आणि गाडी दिवसभर त्यांच्या कचऱ्याच्या गोण्यांशेजारी उभी. उंदराने घरटं कुठे विणलं ते धाग्यांनी सांगितलं. आता गाडी पलीकडच्या गल्लीत लावतो.

उंदराचं घरटं सापडलं तर

हा भाग नीट वाचा. लेंड्या, घरटं किंवा मुताचा वास आला की पहिली प्रतिक्रिया असते झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर. दोन्ही नकोत. कोरडं झाडलं की सगळं धूळ होऊन हवेत जातं आणि तुमच्या छातीत येतं. गाडीची दारं उघडी टाकून अर्धा तास वारा लागू द्या. रबरी हातमोजे घाला, मास्क लावा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण घरट्यावर भिजेपर्यंत फवारा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग ओल्या कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. मोटरवर आणि वायरींवर मात्र पाणी नको. ती आधी सोडवून बाजूला ठेवा आणि वरून पुसून घ्या. ब्लीच इतर कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका. दमेकरी माणसाने हे काम करू नये, जवळही थांबू नये.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे आपल्या भागात बहुतेकांना माहीत झालंय. याचे जंतू ओलाव्यात टिकतात आणि कोरड्यात लवकर मरतात. त्यामुळे सुकलेल्या घरट्यापेक्षा पुराच्या पाण्याचा धोका मोठा. उल्हास नदीचं पाणी बदलापुरात २००५ ला शिरलं, २०१९ ला शिरलं, २०२१ ला शिरलं. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, तेव्हाची चित्रं सगळ्या देशाने पाहिली. त्याच पाण्यात सोसायट्यांच्या तळमजल्यावरच्या गाड्याही होत्या. पुरात भिजलेली गाडी साफ करताना पायाला जखम असेल तर गमबूट हवेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जबर वेदना, डोळे लाल होणं किंवा कावीळ दिसली तर डॉक्टरला "पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं धरून चालू नका.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जाता जाता. विक्रेता बाहेरून पॉलिश करतो, सीट कव्हर बदलतो, पण ब्लोअरच्या डब्यात हात घालत नाही. ग्लव्ह बॉक्स खाली घेऊन टॉर्च मारा. वायरींच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ, स्क्रूंवर गंज आणि पायपुसण्याखालच्या गालिच्याला कुबट वास, हे तिन्ही एकत्र दिसलं तर ती गाडी पाण्यात बुडालेली असण्याची शक्यता दाट आहे. घरात दमेकरी असेल तर तिच्या वाट्याला जाऊ नका.

पुन्हा आमच्या गाडीकडे येऊ. पिंजरा मऊ ब्रशने साफ केला. त्याच्या एका पट्टीवर धातूची छोटी क्लिप होती, ती चाचांनी काढू दिली नाही. कारखान्यात तोल साधण्यासाठी बसवलेली असते आणि घाण समजून उपटली की पंखा पुन्हा थरथरतो. बुशला हलक्या मशीन ऑइलचा एकच थेंब. बाजारातले फवारे तेल नसतात, ते आहे तेवढंही धुऊन काढतात आणि महिन्याभरात आवाज परत येतो, असं त्यांचं म्हणणं. पाण्याची नळी तुंबली होती. ती तारेने मोकळी करून फुंकली तेव्हा कपभर तपकिरी पाणी खाली आलं. आईचा कोंदट वास तो हाच असावा. कॉइलवर फेस मारून धुतली, आणि फिल्टरच्या रिकाम्या खाचेत मापाचा फिल्टर कापून बसवला. सगळ्याचं बिल चार माणसांच्या हॉटेलच्या जेवणापेक्षा कमी झालं. कॉइल धुण्याचा फेस म्हणजे रसायन असतं. त्यानंतर सगळ्या काचा उघड्या ठेवून वीस मिनिटं पंखा चारवर चालवला आणि दोन दिवस आईला गाडीत बसू दिलं नाही.

निघताना चाचांच्या पोराने एक पुडी पुढे केली. डांबराच्या गोळ्या. "दोन जाळीत टाका, उंदीर फिरकणार नाही." हा उपाय आपल्याकडे सर्रास करतात. मी पुडी परत दिली आणि चाचांना का ते सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो.

या गोळ्या बहुतेक वेळा नॅफ्थलीनच्या असतात. त्या हळूहळू हवेत उडून जातात, उन्हात तापलेल्या गाडीत तर भराभर, आणि जाळीत ठेवल्या की ब्लोअर ती वाफ सरळ तोंडावर आणून सोडतो. डोकेदुखी, मळमळ कुणालाही होऊ शकते, दमा चाळवू शकतो. पण खरी भीती वेगळी आहे. जी-६-पी-डी नावाचं एक एन्झाइम काहींच्या रक्तात जन्मतः कमी असतं. आपल्याकडच्या काही समाजांत हे प्रमाण जास्त आढळतं, आणि त्रास बहुतकरून मुलग्यांना होतो. एरवी अशा मुलाला काहीही लक्षण नसतं. नॅफ्थलीन अंगात गेलं की मात्र त्याच्या लाल पेशी फुटू लागतात. मूल पांढरंफटक पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी काळपट येते. तान्ह्या बाळांत ही कावीळ मेंदूपर्यंत पोहोचू शकते. घरोघरी बाळंतविडा आणि दुपटी डांबराच्या गोळ्या घातलेल्या कपाटातून निघतात, तेव्हाही हेच होतं. गाडीत तर बाळ आणि वाफ एकाच बंद डब्यात असतात. चाचांच्या घरी सहा महिन्यांचा नातू आहे. त्यांनी काही न बोलता पुडी पोराच्या हातातून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

उंदरासाठी साधे उपाय आहेत. हवेच्या तोंडाला आतून बारीक स्टीलची जाळी बसवून घ्या. गाडी लावताना हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबून ठेवा, म्हणजे बाहेरच्या हवेचं झाकण बंद राहतं आणि उंदराला ब्लोअरचा रस्ता मिळत नाही. गाडीत खाणं ठेवू नका. शेंगदाण्याचं एक टरफलही पुरतं. आणि जाळीवरची पानं आठवड्याला हाताने काढा, विशेषतः पावसाच्या आधी.

डॅशबोर्डवर चिकटवायच्या अत्तरांचंही तेच. कुबट वास आला की लोक अत्तर आणतात. आत बुरशी तशीच राहते आणि वर सुगंधाचं रसायन येतं. दमेकऱ्याला दोन्हींचा त्रास. घरी पोहोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करा, पंखा चालू ठेवा. कॉइल सुकते आणि वास धरत नाही. याला एक पैसाही लागत नाही.

आवाज नको म्हणून पंखा बंद

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या सवयीची. जुलैमध्ये कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी पाहा. काचा बंद, पंखा बंद, आणि चालक एका हाताने फडक्याने समोरची काच पुसतोय. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर धरते आणि समोरचा दुचाकीवाला दिसत नाही. पंखा समोरच्या काचेवर सोडा, बाहेरची हवा आत घ्या आणि पावसातही एसी लावा; एसी हवा सुकवतो आणि काच मिनिटाभरात साफ होते. ब्लोअर वाजतो म्हणून ही सोय सोडणं जिवावर बेतू शकतं.

दुसरं, हवा आतल्या आत फिरवत राहणं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो. बंद गाडीत चार माणसं हीच हवा पुन्हा पुन्हा घेत राहिली तर काही मिनिटांत तो चार-पाच पट सहज होतो. त्याने कुणी मरत नाही, पण डोकं जड होतं, जांभया येतात आणि चालकाला पेंग येते. वालधुनी नाल्याजवळून किंवा ट्रकच्या मागून जाताना हवा आतली ठेवा, तिथून बाहेर पडलात की बाहेरची घ्या.

कार्बन मोनॉक्साइड मात्र मारतो. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, काचा लावून, एसीत झोपू नका. बंद गॅरेजमध्ये तर मुळीच नाही. जुन्या गाडीचा सायलेन्सर गळका असेल तर हा वायू त्याच ब्लोअरमधून आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गाडीत बसलेल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर आधी दारं उघडून बाहेर पडा.

आईचं सांगायचं राहिलं. गाडी धुतल्यानंतर तीनदा मोजलं. निघताना २७०, उतरताना २६५ च्या आसपास. हात खिडकीवर ठेवणं बंद झालं. एका माणसाच्या सहा फेऱ्यांवरून मी कुठला नियम काढणार नाही. तोपर्यंत थंडीही कमी झाली होती. तिचं इनहेलर रोजच्यासारखं चालू आहे, एक पफही कमी केलेला नाही. गाडी साफ केल्यावर बरं वाटलं म्हणून तुम्हीही औषध आपल्या मनाने बंद करू नका.

व्हॅन किंवा टॅक्सी चालवणाऱ्यांनी पुढच्या वेळी खोकला घेऊन आलात की दोन गोष्टी मला आपणहून सांगा: दिवसाचे किती तास गाडीत असता आणि ब्लोअर कसा वाजतो. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, खोकल्यातून रक्त, संध्याकाळचा बारीक ताप किंवा वजन उतरणं असेल तर ब्लोअर साफ करून वाट पाहत बसायचं नाही. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे आधी, गाडी नंतर. मुलांना व्हॅनने पाठवणाऱ्या आई-वडिलांनी एकदा त्या व्हॅनमध्ये पंखा चारवर टाकून पाच मिनिटं बसून बघा. कान आणि नाक दोन्ही उघडे ठेवून.